पडद्याआडची धाकटी

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे आणि माझ्यात तीनच माणसे आहेत, असे सगळे समजतात. खुर्चीत बसलेले वडील, शेजारी उभी असलेली आई आणि वेणीशी चाळा करणारी थोरली मुलगी. आईचा उजवा हात मात्र काळ्या पडद्यासमोर अधांतरी थांबला आहे.

त्या हाताखाली धाकटी उभी होती. ती घटकाभरही स्वस्थ राहत नसे, म्हणून चित्रकाराने तिला खेळवत, जपून रंगवले. माझा रंग पुरता वाळण्याआधीच ती तापाने गेली. वडील चित्रकाराला म्हणाले, "तिला झाका. रोज डोळ्यांसमोर नको." चित्रकाराने तिच्यावरून काळा पडदा रंगवला. चित्रातला आपला हात मात्र आईने बदलू दिला नाही. पुढे घर रिकामे झाले, की आई माझ्यापाशी येई आणि पडद्यावर तळवा टेकवून उभी राही. तळव्याखाली मला ऊब जाणवे. ती ऊब एकाच बाजूची नसे.

आईवडील गेले, घर विकले गेले आणि मी संग्रहालयात आले. तिथे माझे भारी कौतुक झाले. जाणकार सांगत, "अधांतरी हात म्हणजे अपुरी इच्छा आणि काळा पडदा म्हणजे मृत्यू." लोक माना डोलावत पुढच्या चित्राकडे वळत.

मग वरचा रंग विरू लागला. पडद्यातून आधी दोन डोळे वर आले, मग कपाळ, मग हनुवटी. पहारेकरी माझ्याकडे पाठ करून बसू लागला. शेवटी पडदा पुन्हा काळा करायचे ठरले.

रंगारी डबा उघडत असतानाच काठी टेकत एक आजी आत आल्या. त्या थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घाबरू नका, आजी," संग्रहालयाचे व्यवस्थापक म्हणाले. "डाग पडलाय, आत्ता झाकतोय."

"डाग नाही. ती माझी धाकटी बहीण आहे." आजींचा आवाज शांत होता. "पहिल्यांदा तिला झाकलं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मी लहान होते. आता विचारा."

 व्यवस्थापकांनी खूण केली आणि रंगाऱ्याने डबा बंद केला.

मित्रांनो, चित्रातल्या खुणांचा अर्थ जरूर लावा, पण आधी त्यातल्या माणसांकडे नीट पाहा. निघताना आजींनी बहिणीला घरच्या नावाने हाक मारली.

चित्रकाराने तिचे ओठ मिटलेले रंगवले होते. आज ते किंचित उघडे आहेत.