फिटरची घुंडी

फिटरच्या अंगात धड असं आता एकच राहिलं होतं, उजव्या हाताचा अंगठा. बाकीचं सगळं अर्धांगाच्या झटक्याने नेलं. चालणं नेलं, बोलणं नेलं, आणि मुख्य म्हणजे शिव्या नेल्या. ज्या माणसाने उभा जन्म शिव्यांवर काढला त्याच्या शिव्या काढून घेणं म्हणजे गवयाचा गळा कापण्यातलाच प्रकार. आक्का, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की देवाने अंगठा मागे ठेवला तो काही दया येऊन नाही, न्यायचा विसरला.

पण त्या अंगठ्यावरच फिटर जगत होता. आक्काने त्याच्या खाटेला चहूबाजूंनी वळसा घालणारी फळी ठोकून घेतली होती, उशीच्या उंचीला. फळीवर रूळ, रुळांवर पितळेचं इंजिन. दिसायला खेळणं, पण इस्त्रीएवढं जड, आणि बॅटरी त्याच्या पोटातच. ते चालायचं रिमोटवर. रिमोटला मधोमध घुंडी होती. अंगठ्याने ती पुढे फिरवली की गाडी पळायची, मागे फिरवली की थांबायची. सकाळी तोंड पुसून मुठीत रिमोट दिला की फिटर दिवसभर माणसात असायचा.

त्या इंजिनाला एक खोड होती. दिलेला हुकूम ते सोडायचं नाही. रिमोट मध्येच मेला तरी शेवटचा हुकूम धरून पळत राहायचं. आक्का म्हणायची, अगदी माझ्या सासूवर गेलंय. बाई जाऊन जमाना झाला, तिचे हुकूम घरात अजून चालूच आहेत.

मग घुंडी झिजली. फिरायची, पण गाडीला काही कळायचं नाही. रिमोट बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. फिटर अंगठा फिरवत राहिला, गाडी जागची हलेना. त्याने जेवणाला तोंड उघडणं सोडलं. चमचा ओठाला लागला की दात घट्ट. आक्काने त्याचं नाक दाबून पाहिलं, धाकदपटशा करून पाहिला. तो नुसता अंगठा हलवत आढ्याकडे बघत राही, आणि गालफडं दिवसागणिक आत जात. माणूस असा चालला म्हणजे हातचा जाणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तशी घुंडी गावात एकाच माणसाकडे होती, आणि तो होता आक्काचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचं भंगाराचं आवार. त्याला सगळे बहिऱ्या म्हणत, कारण त्याचा डावा कान गेला होता. आणि तो घालवला होता फिटरने. मेहुणे-मेहुणे मिळून या बुडालेल्या कंपनीचे रिमोट दुरुस्त करायचे. नवा भाग मिळत नाही म्हटल्यावर धंद्याची रीत एकच, मेलेल्याचं काढायचं आणि जित्याला लावायचं. एकदा बहिऱ्याने न विचारता फिटरचा स्वतःचा राखीव रिमोट फोडला आणि आतला भाग गिऱ्हाइकाला लावून दिला. फिटरने हाताशी होतं ते फेकून मारलं. हाताशी होतं पितळेचं इंजिन. कानातून रक्त आलं आणि नातं तिथे संपलं. पुढे फिटर आडवा झाला तेव्हाही बहिऱ्या बघायला आला नाही. म्हणाला म्हणे, मला ऐकूच आलं नाही.

आक्का त्याच्या दारात गेली ती पिशवी घेऊन, मान ताठ ठेवून. बहिऱ्या पत्र्याच्या शेडखाली बसला होता. तिने काही मागायच्या आधीच त्याने एक खोकं पुढे ओढलं. आत मेलेले रिमोट. त्यांचं काळीज केव्हाच गेलेलं, पण घुंड्या शाबूत. आक्काने एक घुंडी मागितली. तिच्या मागण्यालाही हुकमाचा वास होता, त्याला तीही काय करणार.

बहिऱ्याने हातोडा उचलला आणि मांडीवर ठेवला. म्हणाला, कान माझा गेला, माफी कुणी मागितली नाही. नवऱ्याला बोलता येत नसेल तर त्याच्या वतीने तू पाय धर.

"तुझे पाय मी एकदाच धरले," आक्का म्हणाली. "तू जन्मलास तेव्हा, उलटा लोंबत होतास. तेव्हाच सोडायला हवे होते."

त्याने एक रिमोट काढून फरशीवर ठेवला आणि हातोडा घातला. प्लास्टिकच्या ठिकऱ्या आक्काच्या पायावर उडाल्या. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याने दुसरा ठेवला. मग तिसरा. एक ठिकरी तिच्या नडगीत घुसली आणि रक्ताचा ओघळ चपलेपर्यंत गेला, तरी बाई हलली नाही. माफी तिच्या घशात अडकली होती असं कुणी म्हणेल, तर तसं नाही. ती घशापर्यंत आलीच नव्हती.

खोक्याच्या तळाशी शेवटचा रिमोट उरला. बहिऱ्याने तोही ठेवला. हातोडा वर गेला. आक्काच्या बाजूला नळाचे तुकडे रचलेले होते. तिने वरचा उचलला आणि आडवा घातला. मनगटाचा आवाज सुक्या काटकीसारखा आला. हातोडा आधी पडला, मग बहिऱ्या. तो ओरडला नाही. या घराण्यात ओरडायची रीत नव्हती. नुसता हात मांडीवर घेऊन पांढराफटक होऊन बसला.

आक्काने रिमोट पिशवीत टाकला आणि फाटकापर्यंत गेली. तिथे तिचे पाय थांबले. घुंडी मिळाली, पण बसवणार कोण? फिटर आडवा. त्याच्यानंतर या कामाचं मनगट गावात एकच, आणि नेमकं तेच आपण आत्ता मोडून आलो. स्वतःला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडून ती मागे फिरली, भावाची कॉलर धरली आणि त्याला उभा केला.

"दवाखाना," बहिऱ्या म्हणाला.

"आधी घुंडी. मग दवाखाना."

दोन गल्ल्या तिने त्याला तसाच चालवत आणला. वाटेत शिंपी विचारायला पुढे झाला, काय झालं म्हणून. आक्काने सांगितलं, काही नाही, भाऊ माहेरपण करायला आणलाय.

जिना चढून आलेल्या बहिऱ्याला फिटरने पाहिलं आणि त्याचा अंगठा थबकला. आक्काने भावाला खाटेशी स्टुलावर दाबून बसवला, फिटरचा रिमोट उघडला आणि त्याचं सोल्डरिंगचं हत्यार तापत ठेवलं. आयुष्यात तिने पहिल्यांदाच ते हातात घेतलं होतं. बहिऱ्याने सांगायचं, तिने करायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं.

जुनी घुंडी निघाली, आणलेली तिच्या जागी बसली. वितळलेला पहिला डाख सांडला तो तिच्याच बोटावर. कातडी चरचरली, वास सुटला. तिने बोट तोंडात घातलं आणि पुढे काय म्हणून विचारलं. बहिऱ्या मोडलेला हात छातीशी धरून सांगत गेला. लाल तार या टोकाला, काळी त्या टोकाला. तार ओढू नको, टेकव. फुंकर मारू नकोस, शेगडी नाहीये ती. हात असा थरथरतोय जसं काही मनगट तुझंच मोडलंय.

शेवटी पांढरी तार राहिली. ती चुकीच्या जागी लागली तर आतलं सगळं जळून जाणार, एवढं आक्कालाही ठाऊक होतं. आणि आता बहिऱ्या गप्प झाला. खाटेवरच्या माणसाकडे बघत राहिला.

आक्काने तापलेलं टोक त्याच्या चांगल्या कानाशी नेलं, केस जळतील इतकं जवळ. "चुकीचं सांगितलंस तर हाही गेला म्हणून समज."

"मग तुझ्या शिव्या कुठल्या कानाने ऐकू?" बहिऱ्या म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "मधल्या टोकाला. हलक्या हाताने."

भीतीने सांगितलं असं आक्काला वाटलं नाही. काम वाकडं गेलेलं त्याला बघवलं नसतं, शत्रूचं असलं तरी. खोड ती खोड.

तिने रिमोट मिटला आणि फिटरच्या मुठीत दिला. अंगठा घुंडीवर आला. इंजिन हललं. संथपणे उशीमागून निघालं, पायथ्याशी वळलं, पुन्हा आलं. आक्का तांदळाची पेज आणायला वळली, कारण आता दात उघडणार होते. बहिऱ्याचाही चेहरा निवळला. जुन्या सवयीने तो पुढे वाकला, चांगला कान रुळाशी लावला, मोटर नीट बोलते का ते ऐकायला.

फिटरने अंगठा शेवटपर्यंत फिरवला.

पायथ्याच्या वळणावरून ते धूड सुटलं आणि बहिऱ्याच्या जबड्यावर, कानाच्या बुडाशी आदळलं. तो स्टुलासकट मागे कोसळला. इंजिन डगमगलं, सावरलं आणि तसंच सुसाट पुढे गेलं. बहिऱ्या उठला तेव्हा गाल फाटलेला होता. त्याने डाव्या हाताने फिटरच्या मुठीतून रिमोट उपटला, जमिनीवर आपटला आणि टाचेखाली घेतला. एकदा, पुन्हा, पुन्हा, भुगा होईपर्यंत.

इंजिन पळतच होतं. शेवटचा हुकूम त्याला मिळालेला होता.

आणि फिटर हसत होता. झटक्यानंतर त्याच्या घशातून निघालेला हा पहिलाच आवाज. आक्काने हात उगारला आणि एक थोबाडीत ठेवून दिली. भावाच्या नाही. नवऱ्याच्या.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी भावाचा हात मोडला?"

फिटरचं हसणं थांबलं. त्याचा अंगठा रिकाम्या मुठीत घुंडी शोधत फिरू लागला.

बहिऱ्याने रक्ताबरोबर एक दात थुंकला आणि जडावलेल्या जिभेने म्हणाला की अशी सुसाट ठेवली तर बॅटरी घटकेत जाईल. आक्काने वळणावर हात आडवा घातला. इंजिनाने तिची दोन बोटं सोलली, पण तिने ते उचललं. हवेतही चाकं गरगरत होती. तिने ते उलटं करून फिटरच्या छातीवर ठेवलं आणि त्याचा अंगठा धरून चाकाला लावला. अंगठा दाबला गेला, चाक अडलं. सुटला, चाक पळालं. पुन्हा अडलं. पुन्हा पळालं. फिटरने डोळे मिटले.

"चालव," आक्का म्हणाली. "आता मधे घुंडी नको आणि काही नको."

पेजेचा एक चमचा तिने ओठाला लावला. दात उघडले. दुसराही गेला. मग तिने एक जुनी चादर टरकावली, भावाचं मनगट बांधलं, उरलेली चिंधी गालावर दाबायला त्याच्या हातात दिली, आणि त्याला जिन्याने खाली उतरवलं. वरून चाकांची घरघर येत होती. अडत होती, सुटत होती.

रस्त्यावर आल्यावर बहिऱ्याने डोकं हलवून पाहिलं, चांगल्या कानात बोट घालून पाहिलं. त्याला आता दोन्हीकडून काही ऐकू येत नव्हतं.

"चालू आहे का?" त्याने विचारलं, बहिरी माणसं विचारतात तसं मोठ्याने.

आक्काने खिडकीकडे मान वर केली. पुष्कळ वेळ थांबली. वरून काहीच येत नव्हतं. बॅटरी संपली होती की अंगठ्याने चाक धरून ठेवलं होतं, ते खालून कळत नव्हतं.

तिने भावाकडे बघून मान होकारार्थी हलवली आणि त्याच्या बखोटीला धरून दवाखान्याची वाट धरली.