चौथा कोपरा

गयासच्या लोखंडी पेटीत गरम हवेच्या गनसाठी तीन नोझल होती. एक गोल, ते तो क्वचितच काढी. दुसरं चपटं, दोन बोटं रुंद. तिसरंही चपटंच, पण जेमतेम बोटभर. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद जोडताना सरळ लांब जोडाला रुंद तोंडाचं लावायचं आणि कोपऱ्यात, जिथं कागदाच्या चुण्या पडतात तिथं, बोटभराचं. ते घडीच्या आत शिरतं, दोन्ही पदरांना सारखी गरम हवा देतं, मग वरून रोलर फिरवला की दोन कागदांचा एक होतो. हे गयासला कुणी शिकवायची गरज नव्हती. शहागंजच्या एका दुकानात ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यापासून त्यानं सुरुवात केली होती आणि गेल्या दहा वर्षांत जालना रस्त्याच्या दोन्ही अंगांना इतकी तळी अंथरली होती की लोक त्याला 'कागदवाले गयासभाई' म्हणूनच ओळखत.

म्हणून करमाडच्या नानासाहेबांच्या तळ्याचं जे झालं, ते अजाणता झालं असं त्याला स्वतःलाही कधी म्हणता आलं नाही.

मार्चचा शेवट होता. सकाळपासून तो आणि त्याचा जोडीदार सांडू तळ्यात उतरले होते. सांडू चिकलठाण्याचा, गयासच्याच वयाचा, कागद ताणून धरायला त्याच्यासारखा माणूस नाही. तीन कोपरे बोटभर नोझलनं नीट झाले. मग पूर्वेच्या बाजूला एक लांब जोड राहिला होता, त्यासाठी गयासनं रुंद नोझल चढवलं. तो संपेपर्यंत चार वाजून गेले. उरला एकच कोपरा, दक्षिणेकडचा.

तेवढ्यात घरून फोन आला. त्याची बायको नजमुन्निसा म्हणाली, "जी, छावनीवाले निकले. जोहरा को देखने आरे, और तुम मिट्टी में बैठे!"

नोझल लालभडक तापलेलं. ते निवेपर्यंत स्क्रू सैल करता येत नाही, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं. गयासनं घड्याळ पाहिलं, कोपरा पाहिला, आणि हातातलं रुंद नोझल तसंच कोपऱ्याकडं वळवलं.

"हेच लावता व्हय?" सांडूनं विचारलं.

"चालतंय रे. एकच तर राहिलाय."

रुंद तोंड घडीत शिरेना. वरचा कागद तापून मऊ झाला, खालच्याला नुसती झळ लागली. गयासनं वरून रोलर दाबला, कागद चिकटल्यासारखा दिसला. रोज तो प्रत्येक जोडावरून स्क्रूड्रायव्हरचं टोक फिरवून बघत असे, कुठं आत शिरतं का. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर आधीच पेटीत गेला होता. ती काही पुन्हा उघडली नाही.

घरी पोहोचेपर्यंत छावणीचे पाहुणे चहा पीत बसले होते. गयासची लेक जोहरा त्यांना पसंत पडली. तारीख जानेवारीची धरली. त्या संध्याकाळी गयास इतका खूश होता की करमाडचा कोपरा त्याच्या डोक्यातून पार निघून गेला.

पावसाळ्यात तळं भरलं. नानासाहेबांनी चार जणांना नेऊन दाखवलं, 'गयासभाईंचं काम' म्हणून सांगितलं, त्यातून पुढं गावातल्या दोन तळ्यांचं काम त्याला ठरलं. आणि नोव्हेंबरात एका सकाळी नानासाहेबांचा फोन आला. "गयासभाई, तळं बसलं माझं. बारा दिसांत पाणी तळाला गेलं. शेळ्यांनी फोडलं. तुम्ही या लवकर."

गयास आणि सांडू मोटारसायकलवरून गेले तेव्हा तळ्यात तळाशी हिरवट डबकं तेवढं उरलं होतं. नानासाहेब काठावर उभे होते. साठीचे, टोपी घातलेले, मोसंबीची मोठी बाग राखून असलेले. रागीट, पण मनात काही न ठेवणारे, असा त्यांचा लौकिक. दक्षिणेकडं कुंपण अपुरं होतं, तिथं ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, लेंड्या पडल्या होत्या.

"त्या सारजाबाईच्या शेळ्या," नानासाहेब म्हणाले. "कडंला खोप हाय तिची. माझ्या आईनं राहू दिलं तिला, तवापासून बांधावर चारती. मी कधी एक शबुद बोललो नाय. पण ह्ये बघा आता!"

गयास उतारावरून जपून खाली उतरला, कोपऱ्यात वाकला.

खुरानं कागद फाटला तर भोक पडतं, कडा विस्कटतात. इथं भोक नव्हतं, फाटलेलं काही नव्हतं. दोन पदर हातभर लांबीत एकमेकांपासून नीट, अलगद सुटले होते. आतली बाजू गुळगुळीत चमकत होती, जसा कागद गुंडाळीतून निघतो तशी. तिला गरम हवा कधी लागलीच नव्हती.

"शेळ्यांनीच ना?" वरून नानासाहेबांनी विचारलं.

सांडू गयासच्या शेजारी वाकून बसला होता. त्यानं जोड पाहिला होता. तो गयासकडं पाहत राहिला.

"हां," गयास म्हणाला. "दिसतंय तर तसंच."

एवढंच तो बोलला. त्यानं पेटी उघडली, बोटभर नोझल काढून गनला चढवलं, कागद पुसून कोरडा केला आणि तो कोपरा असा जोडला की आयुष्यात कुठला जोडला नसेल. तीनदा स्क्रूड्रायव्हर फिरवला. कुठं आत शिरला नाही.

काम आटोपत आलं तेव्हा एक वाळकी, उंच बाई काठावर येऊन उभी राहिली. हातात पाण्याचा तांब्या. सारजाबाई. नानासाहेब बागेकडं गेलेले बघून आली असावी.

"मिस्त्री, पाणी घ्या."

गयासनं तांब्या घेतला. ती तिथंच थांबली. मग म्हणाली, "तुमी जाणता माणूस. माझ्या शेळीच्या खुरानं एवढं फाटतं व्हय ह्ये? पान्याच्या वासानं काठावर येत्यात त्या, पर आत उतरत नायत. घसरायला हुतं म्हून भेत्यात. नानासाहेब काल ष्टँडवर समद्यांदेखत म्हणले, मी जाणून केलं म्हून."

मान खाली घालून तो म्हणाला, "मावशी, मी निस्तं जोडायला आलोय."

तिनं तांब्या परत घेतला आणि गेली.

परतीच्या वाटेवर शेंद्र्याजवळ मागून सांडू म्हणाला, "शेळ्या नव्हत्या त्या."

"ठाऊक हाय मला."

"मंग?"

"जोहराची शादी दोन महिन्यांवर आली, सांडू. नाव गेलं तर करमाडमधी मला कोण उभं करील?"

त्या दिवसापासून सांडू कामावर आला की आधी स्वतः स्क्रूड्रायव्हर मागून घ्यायचा आणि गयासचे जोड तपासायचा, न बोलता. गयासला ते चाबकासारखं लागे, पण 'ठेव तो' म्हणायचं तोंड त्याला नव्हतं.

घरात लग्नाची गडबड सुरू झाली. जोहराचे कपडे, मांडववाला, पत्रिका. पोरीचं हसणं ऐकलं की गयासला आनंद व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ तो कोपरा आठवायचा. हे स्थळ जमलं ती संध्याकाळ आणि त्या बाईवर आळ आला ते कारण, दोन्ही एकाच घाईतून निघालं होतं. जेवताना त्याचा हात थांबे. नजमुन्निसा विचारी, "क्या हुआ जी?" तो म्हणे, "कुछ नै."

डिसेंबरात तो पत्रिका द्यायला करमाडला गेला. नानासाहेबांनी ओट्यावर बसवलं, चहा मागवला. तळं पुन्हा विहिरीवरून भरत आणलं होतं, थेंब हलत नव्हता.

"आता कटकटच मिटली," नानासाहेब म्हणाले. "कुंपण पुरं केलं. सारजाबाईनं शेळ्या इकल्या समद्या, लेकीकडं गेली फुलंब्रीला. बोलली नाय काय. खोपीला कडी घातली आन गेली."

ओट्यावरून ती खोप दिसत होती. दारासमोर शेळ्या बांधायचे सहा खुंट होते, मोकळे. पत्रिका गयासच्या हातात होती. ती त्यानं ओट्यावर बाजूला ठेवली.

"नानासाहेब," तो म्हणाला, "तळं शेळ्यांनी नाय फोडलं."

"मंग?"

"मी फोडलं."

नानासाहेबांना आधी ती थट्टा वाटली. गयास उठला, मोटारसायकलच्या पेटीतून दोन्ही चपटी नोझल काढून आणली आणि त्यांच्यापुढं ठेवली. कुठलं लावायचं होतं, कुठलं लावलं, का लावलं, मार्चमधल्या फोनपासून नोव्हेंबरातल्या त्या 'हां'पर्यंत सगळं सांगितलं. काही राखलं नाही. नानासाहेब दोन्ही तोंडं हातात घेऊन उलटीसुलटी करत राहिले.

"एवढ्याशा फरकानं?"

"व्हय."

नानासाहेबांनी नोझल खाली ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर गयासला बरं वाटलं असतं.

"पाणी गेलं त्याचं सोडा," शेवटी ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "माझं भागलं विहिरीवर. पर मी त्या बाईला चार माणसांत काय काय बोललो, ते तुम्हाला म्हाईत नाय. तोंडाला येईल ते बोललो. माझ्या आईनं जागा दिल्याली बाई ती... तुम्ही त्या दिशी निस्तं 'नाय' म्हणले असते, गयासभाई. निस्तं 'नाय'."

दुसऱ्या दिवशी नानासाहेब आणि गयास फुलंब्रीला गेले. सारजाबाईची लेक आवडाबाई हिचं घर बाजारपेठेच्या मागं होतं. सारजाबाई अंगणात सूप घेऊन बाजरी निवडत होती. दोघांना पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण उठली नाही.

गयासनं उभ्यानंच सांगितलं. ती हातानं बाजरीतले खडे काढत राहिली. तो थांबला तेव्हा म्हणाली, "मी इचारलं हुतं तुमास्नी."

"व्हय, मावशी."

"तुमी मान खाली घातली. मला तवाच कळलं, ह्या माणसाला समदं ठाऊक हाय म्हून."

गयास चपापला. "मग नानासाहेबांना सांगितलं का नाय?"

"काय सांगू? मिस्त्रीनं मान खाली घातली म्हून सांगू? शेळ्यावालीचं कोण ऐकतंय?"

नानासाहेब पुढं झाले. "सारजाबाई, चूक झाली माझी. शेळ्या घेऊन देतो, खोप हायच तुझी. चल माघारी."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुमी दोघं हितं येऊन बोलला. हितं मला कुणी वंगाळ बोललं नव्हतं. जिथं बोलला तिथं सांगा. मी येते ऐकायला."

रविवारी सकाळी करमाडच्या ष्टँडवरल्या हॉटेलात नेहमीची माणसं जमली होती. सारजाबाई लेकीला घेऊन पहिल्या गाडीनं आली आणि लिंबाखाली उभी राहिली. नानासाहेबांनी सगळ्यांना गप्प केलं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत गयास पुढं झाला. "नानासाहेबांच्या तळ्याचा जोड मी कच्चा सोडला होता," तो म्हणाला. "घाईत चुकीचं नोझल लावलं. बाईच्या शेळ्यांचा काय संबंध नाय. मला बघितल्याबरोबर कळलं होतं, तरी मी गप बसलो." मग नानासाहेब बोलले. मोठ्या माणसाला जड जातं तसं बोलले, पण बोलले.

हॉटेलात कुणी खाकरलं. काकासाहेब म्हणून एक शेतकरी होते, त्यांचं तळं गयासनंच दोन वर्षांखाली केलेलं. ते म्हणाले, "मंग माझ्या तळ्याचे कोपरे कसे हायत?"

"येऊन तपासतो. तुमचेच नाय, सगळ्यांचे."

"तपासाच," काकासाहेब म्हणाले. ठरलेल्या दोन कामांपैकी एक त्याच बाकड्यावर मोडलं.

सारजाबाईनं सगळं ऐकलं. कुणाकडं पाहिलं नाही. लेकीला घेऊन खोपीकडं गेली, कडी काढली आणि झाडायला लागली. नानासाहेबांच्या शेळ्या तिनं घेतल्या नाहीत. त्या दिवशी ती लेकीबरोबर माघारी गेली, पण संक्रांतीनंतर फुलंब्रीहून स्वतःची एक पाट, म्हणजे तरणी शेळी, घेऊन परत राहायला आली.

जोहराची शादी वेळेवर झाली. नानासाहेब आले, जेवून गेले. छावणीच्या व्याह्यांपर्यंत करमाडची गोष्ट पोहोचली होतीच. त्यांनी एकदा विचारलं, गयासनं खरं ते सांगितलं, आणि विषय संपला. ज्याच्या भीतीनं तो महिनाभर गप्प बसला होता, ते हे एवढंच होतं. यानं त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट जास्तच लाज वाटली.

फेब्रुवारीत तो आणि सांडू काकासाहेबांच्या तळ्यात कोपरे तपासत होते. सारजाबाई बांधावरून येत होती, पाटीचं दावं हातात. काठापासून दहा पावलांवर ती थांबली.

"मिस्त्री," तिनं वरून हाक मारली, "शेळी घिऊन जाऊ का हितून, का थांबू?"

"जा की मावशी. विचारायचं काय त्यात?"

"इचारल्यालं बरं," ती म्हणाली. दावं तिनं आखूड धरलं, पाटीला अंगाशी घेतलं आणि काठ सोडून, नांगरटीतून, लांबच्या वाटेनं गेली.