फायबरची फियाट

आमच्या पप्पांना दोन मुलं, एक मी आणि दुसरी फियाट. लाड सगळे दुसरीचे झाले, तरी गंजली तीच. सानपाड्यात खाडीची खारी हवा पत्र्याला सोडत नाही. मडगार्डला बोट लावलं की चुरा पडायचा, दारांचे तळ तर गंजाने खाल्ले होते. बदली पत्रे शोधून शोधून दमलो. जे मिळाले ते आमच्याहून सडके. शेवटी पप्पाच म्हणाले, फायबर करून टाकू.

फायबर म्हटल्यावर मला सारसोळ्याच्या विमलबाई आठवल्या. नवऱ्यामागे खाडीकाठची शेड त्याच चालवतात, होड्यांना फायबरचा थर देतात. पण आता होड्याच कमी झाल्या, म्हणून त्यांचा मुलगा हरेश शेड गोदामाला भाड्याने द्यायला निघाला होता. बाईंनी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की ही गाडी बघून पुढचं काम आलं तर शेड राहील, नाहीतर चावी त्याची.

मग मी रोज तिथे जाऊन बसायला लागलो. आधी जुन्या दाराचे खड्डे त्यांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून काढले. त्यावर मेण, मेणावर काचतंतूंची मॅट आणि चिकट रेझिन यांचे थर, असा साचा काढला, आणि साच्यात नवं दार घडवलं. बिजागरीच्या जागी लोखंडी पट्टी आत पुरली. सुकल्यावर बोटाच्या पेराने टकटक करत सबंध दारावर फिरायच्या. आवाज पोकळ आला की तेवढा भाग कापून पुन्हा करायच्या, कुणी काही म्हणायच्या आत. मी माझ्या कामात निम्मंसुद्धा असं मन घालत नाही, आणि याची मला लाज वाटली.

रंग देऊन गाडी उभी राहिली तेव्हा पप्पा तिच्याभोवती नव्या नवरदेवासारखे फिरले. बॉनेट एका हाताने उचललं, मिटलं, पुन्हा उचललं.

रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबचे लोक गाडी बघायला शेडवर आले. त्यांचे म्होरके कमळाकर सावंत; त्यांच्या घरी गंजलेल्या दोन फियाट. त्यांनी पाइप मागवला आणि काचांवर पाण्याचा मारा केला. आत एक थेंब नाही. विमलबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग कमळाकरांनी दार उघडलं, आणि दाराच्या पोटात पाणी डुचमळलं.

"दारात मासे पाळायचेत का, बाई?" ते म्हणाले. दोघं-तिघं हसले.

माझ्या आधी पप्पांना कळलं. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात. जुन्या दाराची ती भोकं बाईंनी सडल्याची खूण समजून बुजवली होती. होडीच्या तळाला भोक ठेवणारा माणूस सारसोळ्यात जन्मलेला नाही. शेडच्या दारात हरेश हाताची घडी घालून उभा होता. मला कमळाकरांचा राग आला, आणि बाईंची फार काळजी वाटली.

त्या वाकल्या. दाराला कान लावून हलवून पाहिलं. "माजीच चूक हाय," एवढंच म्हणाल्या आणि ड्रिल उचललं. टोक दाराला टेकवलं, पण बोट खटक्यावर थांबलं. "हयातभर भोकं बुजवली. पाडलं कवा नाय," त्या पप्पांना म्हणाल्या.

"पाडा, विमलताई," पप्पा म्हणाले. "गाडी तुमचीच आहे."

भोक पडलं, आणि पाण्याची धार त्यांच्या पायांवर आली. त्यांनी पाय हलवला नाही. दुसरं भोक, मग पुढचं दुसरं दार, मग मागची दोन. प्रत्येक भोकाची कड पॉलिश पेपरने घासून त्यावर ब्रशने रेझिनचा हात दिला. कमळाकर गुडघ्यावर बसले, एका भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "माझ्या गाड्या कधी बघाल?"

"आधी त्यांची भोकं दाखवा," विमलबाई म्हणाल्या. "माज्या हाताला बुजवायचीच सवय हाय."

हरेशने तिथेच फोन लावला. पलीकडे गोदामवाला असावा. "जागा खाली नाय," तो म्हणाला. "आई काम करते हितं."