मस्कत पाहून आलेली घोंगडी

मित्रांनो, मी कोळवणची एक जुनी घोंगडी आहे. जुनी म्हणून नाक मुरडू नका, मी विमानात बसून आले आहे!

बाजी धनगरांच्या मेंढरांच्या काळ्या लोकरीतून मला विणले आणि चिंचोक्याची खळ लावून कडक केले. दसरा झाला की बाजी मेंढरं घेऊन निघायचे आणि पावसाच्या तोंडाला परतायचे. मी त्यांचे अंथरूण, मीच पांघरूण. पंच न्यायनिवाड्याला बसायचे तेही माझ्यावरच. उगाच सांगत नाही, मान होता माझा.

बाजींचा मुलगा बिरदेव मस्कतला क्रेन चालवायला निघाला, तेव्हा त्याच्या आईने, बानूबाईने, मला त्याच्या बॅगेत कोंबले. उन्हाच्या देशात घोंगडी कशाला, म्हणून सगळे हसले. पण तिथल्या खोलीतला एसी असा गारठवायचा, की बिरदेवचे सोबती मला मागून न्यायचे.

गेल्या वर्षी एप्रिलात बाजींचा पाय मोडला. बिरदेव मला घेऊन धावत आला आणि मेंढरं सांभाळत दसऱ्यापर्यंत राहिला. निम्म्याहून जास्त वर्ष गावी काढले, तर सरकार आपल्याला इथलाच रहिवासी धरणार आणि मस्कतची कमाई इथल्या करात येणार, हे त्याला ठाऊक होते. ती कमाई बाजींच्या नीट न सांधलेल्या पायाच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली. म्हणून निम्मे वर्ष भरत आले, तसे मेंढरं चुलतभावाकडे सोपवून आम्ही परत विमानात बसलो.

मग त्याची बहीण करिष्मा हिचे लग्न गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात ठरले. पाडव्याला नवे वर्ष लागते, म्हणजे मुक्कामाचा हिशोबही नवा, असे बिरदेवने धरले. तिकीट काढले आणि हौसेने वैशालीताईंना फोनवर सांगितले. त्या आमच्याच गावच्या, पौडला लोकांच्या कराची कामे बघतात.

"बिरदेव, कराचं वर्ष पाडव्याला नाही, एप्रिलला लागतं," त्या म्हणाल्या. "यंदा पाडवा मार्चात आहे. आत्ता आलास तर हे दिवस जुन्याच वर्षात धरतील आणि तू निम्म्याच्या वर जाशील."

घरी कळल्यावर बाजी तापले. "आमी आठ महिने भाईर असतुया, तरी कोळवणचंच हाय. मग पोरगं चार दिस आलं तर काय बिघडलं?"

वैशालीताईंनी समजावले, की बिरदेव कोळवणचा नाही असे कुणीच म्हणत नाही. कर मात्र माणूस किती दिवस कुठे राहिला, त्यावरून ठरतो.

लग्नाची तारीख हलेना, कारण नवरदेवाकडच्या पाहुण्यांची मेंढरं तेवढेच दिवस जवळच्या रानात बसणार होती. बिरदेव म्हणाला, कर भरीन पण येईन. तेव्हा करिष्माने फोन हातात घेतला.

"दादा, आबांचा पाय आधी. तू एप्रिल लागल्यावर ये. नवरदेवाचा कान तुझ्यासाठी राखून ठेवते."

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. त्या मानासाठी बिरदेवचा जीव तुटत होता. त्या दिवशी तो मला पोटाशी धरून रडला. मग सुट्टीवर निघालेल्या सोबत्याकडे, चांद्याच्या विलासकडे, त्याने मला घरी पोचवायला दिले.

लग्नात भावाच्या जागी मला अंथरले! एक चुलतभाऊ कान पिळायला सरसावला, तर करिष्माने सरळ त्याचा हात बाजूला केला. मांडव हसला. बानूबाई मात्र माझ्यावरून हात फिरवत बसली होती.

एप्रिल लागला आणि बिरदेव आला. बॅगही न उघडता त्याने नवरदेवाला, सिद्धनाथला, माझ्यावर बसवले आणि असा कान पिळला, की तो कळवळला. करिष्मा हसता हसता रडली. बाजी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काठी टेकत अंगणात आले होते.

मित्रांनो, परदेशी कामाला जाणाऱ्यांनो, तिकीट काढण्याआधी कुठे किती राहिलो ते जाणत्याला विचारून घ्या. आणि घरात घोंगडी असेल तर तिला वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. उन्हात झटकून नीट घडी घालून ठेवा. घरातल्या कुणाची जागा तिला कधी राखावी लागेल, सांगता येत नाही.