कोंबडीचं पीस

शुक्रवार उजाडला की कुरुंद्याच्या बाजारतळामागच्या पत्र्याच्या शेडपुढं चपलांचा ढीग पडायचा. वसमतकडच्या जीपगाड्या थेट तिथंच रिकाम्या व्हायच्या. आत मोरपिसे महाराज. ते कुणाला मारायचे नाहीत, कुणावर ओरडायचे नाहीत. नुसतं एक मोरपीस घ्यायचे आणि बाईच्या उघड्या दंडावरून हलकेच फिरवायचे. बाई अशी किंचाळायची, की बाहेर बांधलेले बैल कान टवकारायचे.

"पिसानं कधी कुणाला लागतं का, बाळांनो?" महाराज गोड आवाजात विचारायचे. "हिला लागत नाही. आतल्या भुताला लागतं."

मग भक्तांनीच घरून आणलेली हळद घेऊन ते पडद्याआड जायचे, फुंकर मारायचे आणि पुड्या घेऊन बाहेर यायचे. "हळद तुमची, फुंकर माझी, गुण देवीचा." कुरुंदा हळदीचं गाव. घरच्या हळदीवर संशय घेणार कोण? भक्तांची अक्कल चपलांसोबत बाहेर राहायची, आणि चपला तरी परत जाताना घालायच्या असतात हे लोकांच्या ध्यानात होतं.

नववीतल्या ज्योतीची माय, पद्माबाई, याच रांगेतली. घरात भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या, आणि माय त्यांच्याकडं पाठ करून पुडी खायची. गेल्या हंगामात हळद शिजवू शिजवू तिची कंबर गेली होती. पहिल्या पुडीनं ती पोरीसारखी तुरुतुरु चालत घरी आली. गावानं चमत्कार म्हटलं. मग एका पुडीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. आता तिला हातात काकणं सोसत नव्हती. ज्योतीनं केसाला तेल लावायला बोट टेकवलं तरी ती विस्तव लागल्यागत अंग चोरायची.

"भूत कातडीखाली आलंय," महाराजांनी सांगितलं. "पुढच्या शुक्रवारी खुरपं तापवून डाग द्यावा लागेल."

आदल्याच शुक्रवारी शेजारच्या नीलाबाईला डाग दिला होता. पिसानं जी किंचाळत होती, तिला लालभडक खुरपं लावलं. ती बेशुद्ध पडली, आणि महाराज म्हणाले, भूत शांत झालं.

ज्योतीचा बाप मुंजाजी मान खाली घालून म्हणाला, "द्यावाच लागंल पोरी. तिची तकलीफ बघवत न्हाई."

"आणि डाग दिलेला बघवंल व्हय, बाबा?"

मुंजाजी उठून बाहेर गेला.

ज्योतीनं परसातल्या कोंबडीचं एक पीस उचललं आणि दोन दिवस गल्ली पालथी घातली. ज्या बाया पुड्या खायच्या, त्या कोंबडीच्या पिसानंही कळवळल्या. ज्या खात नव्हत्या, त्या हसून म्हणाल्या, "काहून गं, येड लागलं का?" जिच्या पुड्या जास्त, तिचं भूत मोठं. मायनं ओरडावं आणि सगळ्यांनी आणखी एक पुडी चारावी, असंच तर वर्षभर चाललं होतं. आणि पुडी आणून द्यायची ती ज्योती स्वतः.

गुरुवारी एक पुडी चोरून ती सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर भावसिंग राठोडांनी पुडी हुंगली, जिभेला लावून थुंकली.

"मायला संडासला साफ होतं का?"

"चार चार दिवस न्हाई होत."

"डोळ्यातली बाहुली?"

"टाचणीच्या टोकाएवढी, सर. अंधारातही."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "उद्या मी पोलीस जमादाराला घेऊन येतो. यायला उशीर झाला तर तेवढा वेळ तू काढ."

शुक्रवारी निखाऱ्यात खुरपं लाल झालं होतं. पद्माबाईला दोन बायांनी धरलं, तर त्या धरण्यानंच ती रडत होती. डॉक्टरांचा पत्ता नव्हता. ज्योती पुढं झाली.

"महाराज, भूत नसंल त्याला पीस लागत न्हाई ना?"

"कधीच नाही, बाळ."

ज्योतीनं कोंबडीचं पीस काढलं. स्वतःच्या गालावर फिरवलं. बापाच्या मानेवर फिरवलं. काही नाही. मग तिनं मायकडं बघितलं, आणि मायच्या दंडावर फिरवलं. पद्माबाईची किंकाळी पत्र्याला थडकून परत आली.

"स्वतःच्या मायला छळून राहिली," कुणीतरी म्हणालं. ज्योतीचे पाय थांबले नाहीत. पडद्यापाशी महाराजांचा सेवेकरी कोंडीबा उभा होता. तोच पुड्या बांधायचा, आणि त्याच्याही डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती. ती गर्दीतून मागं गेली आणि त्याच्या मानेवर पीस टेकवलं.

कोंडीबा बोंबलत हातभर उडाला.

मग एका म्हातारीनं खुदकन हसून विचारलं, "महाराज, भूत तुमच्याच दारात व्हय?"

"मग यालाच डाग द्या की," मागून आवाज आला. वर्षभर भक्तीनं हात जोडणाऱ्यांनी त्याच हातांनी कोंडीबाला आडवा पाडला. कुणीतरी खुरपं उचललं. ज्योतीनं थांबवायला तोंड उघडलं, पण शब्द काढला नाही. कोंडीबाच्या पोटरीला आच लागेपर्यंत ती गप्प राहिली.

"भूत न्हाई, अफू हाय," तो ओरडला. "हळदीत अफू घालतो आमी. मी बी रोज दोन चिमट्या खातो."

तेवढ्यात डॉक्टर आणि जमादार आत शिरले. खुरपं खाली पडलं. पडद्याआड अफूचा पत्र्याचा डबा सापडला आणि मागच्या दारानं पळणारे महाराजही.

"पाटाच्या पाण्याला दारं धरता ना तुम्ही?" डॉक्टर गर्दीला म्हणाले. "आपल्या नसांनाही तशी बारीक दारं असतात. बाहेर मिठातलं सोडियम थांबलेलं असतं. चटका बसला की दार उघडतं, सोडियम आत घुसतं आणि दुखण्याचा निरोप डोक्याकडं पळतो. अफू आधी तो निरोप वाटेत दाबते. महिनोन्‌महिने खाल्ली की उलटं होतं. नसा चवताळतात, ही दारं जास्त होतात, जराशा धक्क्यानं उघडतात. यातलं सगळं शास्त्रज्ञांनाही अजून उमगलेलं नाही. पण एवढं पक्कं, की पिसाचं दुखणं पुडीनं दिलंय. तुम्ही त्यावर पुडीच देत गेलात."

अफू एकदम तोडता येत नव्हती. डॉक्टरांनी औषधं देत ती हळूहळू उतरवली. त्या दिवसांत पद्माबाईनं लेकीला नको नको ते शिव्याशाप दिले, पुडीसाठी तिचे पाय धरले. ज्योतीनं पाय मागं घेतले आणि बाहेर जाऊन रडली. पुढच्या शुक्रवारी बंद शेडपुढं तीस-चाळीस बाया पुडी मागत बसल्या होत्या, हेही सांगायला हवं.

तीन महिन्यांनी ज्योतीनं मायच्या दंडावर तेच पीस फिरवलं.

"बंद कर गं, गुदगुल्या होतेत," पद्माबाई म्हणाली, आणि तिनं केसाला तेल लावून घ्यायला पाठ वळवली.

ओट्यावर नीलाबाई बसली होती. तिनं पाठीवरचा पदर जरा सरकवला. खुरप्याच्या आकाराचा डाग काळा पडला होता.

"भूत नव्हतंच, तर मला काहून डागलं गं?"

दवाखाना, पाटाची दारं, सोडियम, सगळं ज्योतीला पाठ होतं, पण त्या डागाला त्यातलं काहीच लागू पडत नव्हतं. तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. म्हणून वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावात कुणी चमत्कार दाखवायला लागलं, तर हात जोडायच्या आधी एक करा. तेच पीस तुमच्या अंगावर फिरवून बघा, शेजाऱ्याच्या फिरवा, महाराजांच्या माणसाच्याही फिरवा. नीलाबाईसाठी हे कुणीच केलं नाही. करायला एक कोंबडीचं पीस पुरलं असतं.