कसीनोतलं मौनभोजन

आमच्या हॉटेलचं नाव सफीना. पण रास अल खैमात टॅक्सीवाल्याला ‘सफीना’ म्हटलं की तो आरशातून बघून विचारतो, “वो पुराना कसीनो?” फार वर्षांपूर्वी पहिल्या मालकानं मागच्या अंगाला एक गोल हॉल बांधला, जुगाराची टेबलं मांडायला. टेबलं थोडेच दिवस चालली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे मालक बदलत गेले. कुणा लेबनानी भावांनी घेतलं, त्यांच्याकडून बँकेकडे गेलं, बँकेनं नुसतं धरून ठेवलं. या आषाढात ते पुन्हा विकलं गेलं.

मधल्या काळात त्या गोल हॉलमध्ये लग्नं होत होती, कंपन्यांच्या पार्ट्या होत होत्या, आणि दर भाद्रपदात आमच्या मराठी मंडळाचा दीड दिवसाचा गणपती. जिथे म्हणे जुगाराचं चाक फिरायचं, तिथेच बाप्पाचं मखर. हॉलचं सगळं मी बघायची. कुठल्या खांबामागे माइक खरखरतो, अरबी लग्नात बायकांच्या बाजूचा पडदा कुठून ओढायचा, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. मृणालिनीला होतं, कारण तिला मीच शिकवलं होतं. पुण्याहून आलेली, दुबईच्या देऱ्यात सहा मुलींच्या खोलीत राहून नोकरी शोधणारी ही पोरगी मीच इथे चिकटवली. मला ‘ताई’ म्हणते.

दर चातुर्मासात मी एक नेम धरते. एका वर्षी चहा सोडला, एका वर्षी गादी. यंदा मौनभोजन घेतलं. पानावर बसल्यापासून आचमनापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की पान संपलं. हात धुवायचा आणि उठायचं, मग पोट भरलेलं असो की रिकामं, त्या दिवशी पुन्हा पान नाही. घरी लेकीला, अस्मीला, याची गंमत वाटते. मुद्दाम मी जेवायला बसल्यावरच ती विचारते, “आई, कॅन आय गो टू दुबई मॉल? सायलेन्स मीन्स येस, ओके?”

नव्या कंपनीतर्फे हमीदसाहेब पाहणीला आले ते नेमके जेवणाच्या वेळी. मोठा साधा माणूस. स्टाफच्या कँटीनमध्ये येऊन आमच्याच टेबलावर ताट घेऊन बसला. माझा पहिला घास नुकताच तोंडात गेला होता.

“तो मागचा गोल हॉल,” ते म्हणाले, “कोण चालवतं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरणभाताकडे पाहिलं. बोलता आलं असतं. पान सोडून उठायचं, एवढंच. पण नव्या मालकांचा माणूस समोर बसलेला असताना त्याच्या टेबलावरून भरलं ताट टाकून उठणं बरं दिसेल का, असं मनात आलं. शिवाय वाटलं, विचारतील पुन्हा जेवण झाल्यावर. देव काही नेम पाळणाऱ्याचं वाईट करत नाही.

मृणालिनी माझ्या शेजारी होती. “सर, ताईंचं व्रत आहे,” ती म्हणाली, “त्या जेवताना बोलत नाहीत.”

“माशाल्ला,” हमीदसाहेबांनी छातीवर हात ठेवला आणि अगदी आदरानं माझ्याकडे पाठ न करता तिच्याकडे तोंड केलं. मग ती बोलत राहिली. खांब, माइक, पडदा, मागच्या दारानं जेवण कसं आत येतं, सगळं. दर वाक्यात ‘आम्ही’ म्हणत होती, ‘मी’ नाही. तेच मला जास्त लागलं. ‘मी’ म्हणाली असती तर निदान रागवायला जागा राहिली असती.

आचमन करून मी मान वर केली तेव्हा साहेब तिला घेऊन हॉल बघायला गेलेही होते.

दोन आठवड्यांनी कळलं. पलीकडच्या किनाऱ्यावर नवा कसीनो उभा राहतोय, म्हणून आमच्या कंपनीलाही हुरूप आलेला. लायसन्स मिळालं तर गोल हॉलमध्ये पुन्हा टेबलं लागणार. नाही मिळालं तर सगळं पाडून फ्लॅट बांधणार. काही असो, बँक्वेट खातं खलास. हॉलसाठी जुन्यांपैकी एकच माणूस ठेवायचा, आणि तो माणूस मृणालिनी. मला रिसेप्शनवर बसवणार होते, तेही ‘सध्यापुरतं’.

माझे यजमान सुरेश तिकडे अबुधाबीत, रुवैसच्या रिफायनरीत. शुक्रवारी रात्री गाडी हाकत येतात. शनिवारी सकाळी तुळशीला पाणी घालता घालता मी त्यांना सगळं सांगितलं.

“म्हणजे तुला जुगाराच्या हॉलची मॅनेजर व्हायचं होतं?”

“शिव शिव! काहीतरीच.”

“मग तिला मिळालं तर तुझ्या पोटात का दुखतंय?”

“मला ‘नाही’ म्हणायचं होतं.”

“मग म्हण की!”

“विचारलंय कुणी?”

ते इतके हसले की शेजारच्या यम्नानं तिच्या बाल्कनीतून डोकावून पाहिलं. आतून अस्मी ओरडली, “आई, यू आर जस्ट जेलस!” मी तिला म्हटलं, हळू बोल, पूजा चाललीय. पूजा केव्हाच आटोपली होती.

खोटं कशाला लिहू? त्या दिवसांत सहस्रनाम म्हणताना नावं जिभेवर असायची आणि डोळ्यांपुढे मृणालिनी. नवा ब्लेझर घातलेली, वॉकीटॉकी लावलेली, माझ्या हॉलच्या मधोमध उभी. देवाला मी काय मागत होते ते देवालाच ठाऊक. ‘लायसन्स मिळू नये’ असं मागताना मला तो धर्मच वाटत होता.

त्याच शनिवारी संध्याकाळी ती घरी आली. खजुराचा डबा घेऊन. वाकून नमस्कार केला.

“ताई, मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“का गं?”

“तुमच्याशी बोलायचं होतं. जुगाराचं काम म्हणजे... आई-बाबांना काय सांगू? तुम्ही इतकं देवाधर्माचं करता. तुम्ही सांगाल ते करीन. नको म्हणालात तर उद्याच कळवते.”

सुरेशनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. किती सोपं होतं. ‘लक्ष्मी अशा वाटेनं येऊ नये गं’ एवढं एक वाक्य. वाक्य खोटंही नव्हतं. माझा त्याच्यावर विश्वास होता, आजही आहे. पण ते ओठांवर आलं तेव्हा त्याला चव लागली, गोड, दाट, आटवलेल्या दुधासारखी. देवाधर्माचं बोलताना माझ्या तोंडाला एवढी गोडी कधी आली नव्हती. मी ते गिळलं.

“मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं,” मी म्हणाले. “पण तो माझा नेम. तुझ्या तोंडून माझा नकार वदवून मी काय करू?”

“म्हणजे घेऊ?”

“मी घे म्हणणार नाही. घेऊ नकोसही म्हणणार नाही. चहा घेतेस?”

ती गेल्यावर सुरेश म्हणाले, “दगडासारखी बोललीस.”

“याहून मऊ जमत नव्हतं,” मी म्हटलं.

तिनं काम घेतलं. मी रिसेप्शनवर बसू लागले. गोल हॉल मोडायचं काम भाद्रपद लागताच सुरू होणार, असं मेन्टेनन्सच्या लोकांनी सांगितलं. म्हणजे गणपती गेला. मंडळाचे अध्यक्ष संजयराव रोज फोन करायचे, “वहिनी, काहीतरी करा हो, ऐनवेळी हॉल कुठून आणू? लोक मूर्तीचा रंग विचारतायत आणि मला मखराची जागा ठाऊक नाही!” मी म्हणायची, बघते. आणि काहीच बघत नव्हते. मृणालिनीकडे जाऊन मागायचं? त्यापेक्षा बाप्पा माझ्या हॉलमध्ये बसू नयेत, हेही मी मनाशी मान्य करून टाकलं होतं.

मग एक दिवस संजयरावांना हॉटेलकडून निरोप गेला, हॉल दरवर्षीप्रमाणे मिळेल. त्यांनी मला फोनवर एवढे आशीर्वाद दिले की मी ‘नाही हो’ म्हणेपर्यंत फोन ठेवलाही.

दुसऱ्या दिवशी हमीदसाहेब रिसेप्शनपाशी थांबले. “तुमची ती मैत्रीण फार हट्टी आहे,” हसत म्हणाले. “सही करायच्या आधी अट घातली. आमच्या गणपतीचा कार्यक्रम होईपर्यंत हॉलला हात लावायचा नाही, नाहीतर दुसरा माणूस शोधा. ठेकेदार तोवर थांबवून ठेवलाय!”

मला तिनं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मंडळालाही नाही. माझ्या जागी बसून मला सुचलं नसतं असं काम तिनं केलं होतं. आता तर तिचा हेवा करायलाही मला तोंड उरलं नाही. तरी करत होतेच.

बाप्पा आले. गोल हॉलमध्ये आरतीचा आवाज घुमतो, तो दुसऱ्या कुठल्याच हॉलमध्ये घुमत नाही. दुसऱ्या दिवशी महाप्रसादाला लांब पंगत मांडली. वरणभात, बटाट्याची भाजी, मसालेभात, मोदक. मृणालिनी आत वाढपाचं बघत होती. मी पानावर बसले, चित्राहुती घातल्या, पहिला घास घेतला. सकाळपासूनचा उपास होता.

संजयराव मधोमध उभे राहिले. “मंडळी, घास घेता घेता ऐका! पुढच्या वर्षी हा हॉल असेल की नाही, कुणाला ठाऊक. पण यंदा बाप्पा इथे बसले ते एका माणसामुळे. ज्यांच्या पुण्याईनं—” आणि त्यांनी दोन्ही हात माझ्याकडे केले. “वहिनी व्रतात आहेत, बोलणार नाहीत. त्यांचं मौनच बोलतं. टाळ्या!”

सगळी पंगत डाव्या हातानं मांडीवर थाप मारू लागली. अस्मी माझ्याकडे टक लावून बघत होती. सायलेन्स मीन्स येस.

काही न करता सगळं परत येत होतं. हॉल, नाव, मान. नेमही मोडणार नव्हता. पुढ्यातला मोदक अजून वाफाळत होता, कुणीतरी त्यावर तूप सोडून गेलं होतं.

“मी नाही,” मी म्हणाले.

थापा थांबल्या. माझाच आवाज त्या गोल भिंतींना लागून माझ्याकडे परत आला.

“मृणालिनीनं केलं. नोकरी पणाला लावून. मला तर नंतर कळलं.”

संजयराव गोंधळले. “अहो वहिनी, पण तुमचं पान—”

“संपलं,” मी म्हटलं आणि उठले.

हात धुवायला गेले तर मृणालिनी मोदकांचं तबक घेऊन दारात उभी. तिनं ऐकलं होतं. तिचे डोळे भरले होते. ते बघूनही माझ्या आत काहीतरी खुपलंच. रडतानाही किती चांगली दिसते, असं वाटलं.

“ताई, तुम्ही जेवला नाहीत.”

“आता उद्या,” मी म्हणाले. “जा, पंगत खोळंबलीय. आणि त्या तिसऱ्या खांबापाशी माइक धरू नकोस, खरखरतो.”

“माहितीये, ताई.”

“माहितीये,” मी म्हटलं. “मीच सांगितलंय.”