दोन राजे, दोन पंज्या

मिहिरचा मेसेज आला तेव्हा मशीनच्या पडद्यावर दोन राजे, दोन पंज्या आणि एक फालतू नश्शी होती.

"काय टाकू गं, चारू?" श्यामलामावशींनी विचारलं.

मी फोन वाचत होते. 'ताई, आईच्या फोनचं लोकेशन क्लब दाखवतंय. तुम्ही लायब्ररीत आहात ना? घरूनच काम करतोय, येतो दहा मिनिटांत.'

लायब्ररीची थाप माझ्याच डोक्यातून निघालेली. गेले पाच महिने दर मंगळवारी मी शिलाई मशीन कापडाने झाकते, लोकांच्या पँटी आखूड करायचं काम बुधवारवर ढकलते आणि शेजारच्या मिहिरच्या आईला, श्यामलामावशींना, लायब्ररीच्या नावाखाली ब्लॅकटाउनच्या या जुगाराच्या क्लबात आणते. घरी मुलगा हेडफोन लावून बंद खोलीत, सून शिफ्टला. इथे एसी आहे, बाराला पम्पकिन सूप आहे, आणि "आई, तू नुसती बसून राहा" म्हणणारं कोणी नाही. मावशी वीस डॉलरची एक नोट आणतात. ती संपली की उठायचं. नाही संपली तर बाराला उठायचं. पाच महिन्यांत हा नियम एकदाही मोडला नाही.

पण हे मिहिरला सांगणार कोण? मागच्याच आठवड्यात तो माझ्या गॅरेजमध्ये उभं राहून म्हणाला होता, "ऑगस्टला आईचा व्हिसा संपतोय, ताई. पुढचा अर्ज भरायचा की नाही, विचार चाललाय. आपल्या दीनानाथकाकांचं बघितलंस ना? रिटायर झाले आणि पोकीजमध्ये, या जुगाराच्या मशीनांमध्ये, बुडाले. आईचं तसं काही दिसलं तर सरळ पुण्याला मामाकडे." मी तोंडात टाचण्या धरून "हं" म्हटलं होतं. टाचण्यांचा हाच फायदा.

"मावशी, उठा. मिहिर येतोय."

"येऊ दे की. डाव अर्धा टाकून उठत नाहीत."

"मग लवकर खेळा! पंज्या मोडा, नाहीतर राजे मोडा, पण एक जोडी मोडा."

मोडायचा नियमही माझाच. हे मशीन चित्रं गरागरा फिरवणारं नव्हे, पत्त्यांचं. पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, नको ते एकदाच बदलून घ्यायचे. दुर्री म्हणजे जोकर. निदान तीन पत्ते सारखे झाले तरच काही मिळतं. राजांची जोडी असो की तिर्र्यांची, किंमत शून्य. मावशींनी जन्मभर रमी खेळलेली, त्यामुळे एकटा राजा टाकताना चेहरा असा व्हायचा, की पाहुण्याला चहा न देता वाटेला लावतायत. म्हणून मी रात्री बसून शिकले. ब्लाऊजचा गळा, टॅक्स रिटर्न, बिनअंड्याचा केक, सगळं मी असंच शिकले: कुणाचं तरी उतरवून. एका अमेरिकन साइटवरचा तक्ता मराठीत उतरवला आणि लॅमिनेट केला. दुर्री कधीही टाकायची नाही. मोठा पत्ता नुसता मोठा म्हणून ठेवायचा नाही. दोन जोड्या आल्या तर एक मोडायची. तक्त्याच्या डोक्यावर आकड्यांची एक चौकट होती. ती मावशींना कशाला, म्हणून सोडून दिली.

मी दारापर्यंत गेले, परत आले. कॉफी मशीनपर्यंत गेले, परत आले. मावशी तशाच, मांडीवर पर्स, बोट बटणाच्या वर.

"अजून तसंच?"

"विचार करत्येय."

"पाच महिने केला नाहीत तो!"

"तुझ्या येरझाऱ्यांनी डोकं फिरलं माझं. बस बघू एका जागी."

बसले. पाय हलायला लागला. मावशींनी त्यावर हात ठेवला. हात काढला की पाय पुन्हा सुरू.

काउंटरवर लायसन्स दाखवून मिहिर आत आला तो घरच्या शॉर्ट्समध्ये, सपाता घालून. तो विमा कंपनीत अ‍ॅक्च्युअरी आहे. कुणाची गाडी कधी ठोकली जाईल हे गाडीवाल्याच्या आधी याला कळतं.

"आई! हे काय? आणि ताई, तू?"

"तिला काही बोलू नकोस," मावशी म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून आणते ती. आलाच आहेस तर सांग, काय टाकू?"

"मी काय विचारतोय, तू काय—" त्याची नजर पडद्यावर गेली. "दोन जोड्या आहेत ना? नश्शी टाक, अजून काय."

"चारू म्हणते एक जोडी मोड."

"कोण म्हणतं?"

मी पर्समधून तक्ता काढला. पकडलेल्या पोराने गृहपाठाची वही द्यावी तसा. त्याने वाचला, उलटा केला, मागे काही नाही बघून पुन्हा सुलटा केला. मग मशीनवरची बक्षिसांची यादी वाचली.

"ताई, हा कुठल्या पे-टेबलचा, कुठल्या बक्षिसांच्या यादीचा आहे?"

"कुठल्या म्हणजे?"

"इथे फुल हाउसला, म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी आली की, चारपट देतात. तुझ्या साइटवर किती होते?"

मी फोनवर ती साइट उघडली. सोडलेली चौकट. "तीन."

"मग! उरले सत्तेचाळीस पत्ते. दोन राजे, दोन पंज्या, चार दुर्र्या, म्हणजे आठ पत्ते तुझ्या कामाचे. आठ चोक बत्तीस भागिले सत्तेचाळीस, डॉलरमागे अडुसष्ट सेंट. एक जोडी ठेवून पंचावन्न-छप्पन. तीन देत असते तर मोडणंच बरोबर होतं. इथे नाही." तो खुर्चीच्या कडेला टेकला होता. "पाच महिने आई चुकीचं खेळलीय!"

साहित्य न बघता नुसती कृती उतरवली होती मी. माझे कान तापले.

"नाही रे खेळले," मावशी शांतपणे म्हणाल्या. "ही समोर असली की मोडते. कॉफी आणायला गेली की ठेवते."

त्यांनी नश्शी टाकली. आला गुलाम. काहीच नाही मिळालं.

"बघ!" मावशी हसल्या.

"एका डावाने काय ठरतं, आई? थांब. सरक जरा."

मावशी सरकल्या. त्याने दोन डाव खेळले, चार, दहा. दर डावाला मान वर न करता आम्हाला टक्के सांगत होता. एकदा तीन दश्श्या आल्या, तसा गडी पुढे वाकला. मग काहीच येईना. पंधरा मिनिटांत मावशींच्या नोटेतले उरलेले पैसे गेले. "हे नुसतं व्हेरिअन्स आहे, नशिबाचे चढउतार," तो पुटपुटला. आणि त्याचा हात खिशात गेला.

माझा पाय थांबला.

पन्नासची नोट मशीनच्या तोंडाशी होती, तेव्हा मावशींनी त्याचं मनगट धरलं. जोर न लावता, लहानपणी गरम तव्यापासून धरलं असेल तसं.

"बारा वाजले."

"एकच मिनिट, आई. आता गणित आपल्या बाजूचं—"

"मिहिर. सूप गार होतं."

तो नोटेकडे बघत राहिला. मग आईकडे, मग माझ्याकडे. मान आधी लाल झाली, मग कान.

क्लबच्याच बिस्ट्रोत त्याने ऑर्डर दिली, पैसे भरले, आणि सूपमध्ये पाव बुडवून तसाच धरून बसला. नजर माझ्या खांद्यावरून मशीनकडे.

"व्हिसाचा अर्ज," तो हळूच म्हणाला, "आज आर्व्होला, दुपारीच, भरू या, आई. घरी गेल्या गेल्या."

"भर. पण माझी अट आहे."

"सांग."

मावशी उठल्या, त्याची खुर्ची दोन्ही हातांनी धरून खर्रकन भिंतीकडे फिरवली, त्याच्यासकट. मग आपल्या जागी येऊन बसल्या.

"मंगळवारी तू इकडे फिरकायचं नाहीस."